लहान महाविद्यालयांचे लांबचे सामने

महोदय,

अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील फेररचनेविषयी, म्हणजे एकमेकांशी नियमित सामने खेळणाऱ्या महाविद्यालयांचे गट (परिषदा) बदलण्याविषयी, आपल्याकडे जे थोडेफार छापून येते, ते बहुधा २०२४ मध्ये बिग टेन परिषदेत गेलेल्या, लॉस एंजेलिसमधील यूसीएलएसारख्या बड्या विद्यापीठांपुरते असते. परंतु जिथे क्रीडा शिष्यवृत्ती देण्यास मुळातच मनाई आहे, त्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) तिसऱ्या श्रेणीतील लहान महाविद्यालयांमध्येही हीच उलथापालथ चालू आहे. २०१२ मध्ये सदर्न कॉलेजिएट परिषदेतून सात महाविद्यालये बाहेर पडली आणि सदर्न अ‍ॅथलेटिक असोसिएशन या नव्या परिषदेत खेळू लागली. त्यांतील अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ रोजी आर्थिक अडचणींमुळे कायमचे बंद झाले. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत खेळत होता. पुढे २०२५ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी (सॅन अँटोनिओ) आणि साउथवेस्टर्न ही दोन विद्यापीठे जुनी परिषद सोडून या असोसिएशनमध्ये आली, तर जुन्या परिषदेने त्याआधीच मॅकमरी व कॉन्कॉर्डिया यांना शेजारच्या परिषदेतून आणले होते.

परिषदेच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळण्यासाठी परिषदेची किमान सदस्यसंख्या टिकवावी लागते, हे मान्य आहे. तरीही सॅन अँटोनिओहून अटलांटा सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे, आणि तेथील ओगलथॉर्प या असोसिएशनमधल्याच विद्यापीठाशी सामना म्हणजे बुडालेले तास व परीक्षेची ओढाताण. अभ्यासाला प्राधान्य हे या श्रेणीचे घोषित धोरण असल्याने, शैक्षणिक दर्जा जुळणारे सोबती शोधण्यापेक्षा बसने एका दिवसात जाऊन येता येईल असे प्रतिस्पर्धी निवडणे मला अधिक रास्त वाटते.

— एक वाचक, पुणे