काका, तुम्ही पहाटे आलात म्हणून

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

एवढं लांब पत्र मोबाईलवर तुम्ही वाचणार नाही, नातीकडून वाचून घ्या. तुमचं नाव, नंबर मुद्दाम लिहीत नाहीये. आहे तेवढं कामच पुरते, असं तुम्ही म्हणाला होतात. पण आईच्या खोलीची खिडकी दुरुस्त झाली त्या दिवसापासून तुमचे आभार मानायचे राहून गेलेत आणि ते चारचौघांसमोर मानावेत असं मला मनापासून वाटतं. कामाचे पैसे तुम्ही घेतलेत, तो हिशोब मिटला. हे पत्र त्या हिशोबात न बसणाऱ्या गोष्टीसाठी आहे.

आईच्या खोलीची उत्तरेकडची स्लायडिंग खिडकी थंडी पडली की आतून ओली व्हायची. काचेवरून ओघळ यायचे, खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचायचं, पडद्याची कड भिजायची आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. आईला जुना दमा आहे. पहाटे खोकत उठायची आणि खिडकीकडे बोट दाखवायची.

तुमच्याआधी जे जे आले, ते सगळे आपल्या सोयीने दुपारी आले. एकाने भिंतीवरून हात फिरवून विचारलं, "कुठे आहे ओल?" दुसऱ्याने बाहेरून गळतंय असं ठामपणे सांगून वॉटरप्रूफिंगचा कोट मारायला लावला, तोही पावसाचा थेंब नसलेल्या जानेवारीत. एकाने पूर्ण घराला डबल काचेच्या खिडक्या लावायचं लाखाच्या वरचं कोटेशन हातात ठेवलं. आईची खोली नीट पाहिलीसुद्धा नव्हती त्याने. आणि आमच्या इमारतीतले एक जबाबदार गृहस्थ आईच्या समोर मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांच्या हातून पाणी सांडतं हो, त्यांच्या लक्षात राहत नाही." आई काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही. खिडकीचं मी विसरेन, हे विसरणार नाही.

तुम्ही फोनवर एकच विचारलंत, "पाणी किती वाजता दिसते?" आई मागून म्हणाली, पहाटे दिसतं, नऊपर्यंत सुकून जातं. "मंग मी सहाला येतो."

बाहेरच्या लोकांना नागपूर म्हटलं की ४५-४६ अंशांचा उन्हाळाच आठवतो. इथली थंडी त्यांना माहीत नसते. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तुम्ही आलात त्या पहाटे तेवढं नव्हतं, तरी हाताची बोटं वाकत नव्हती. अशा थंडीत, अंधारात तुम्ही कानटोपी घालून लुनावर आलात. चहा नंतर म्हणालात आणि सरळ खिडकीपाशी गेलात. काचेवरून आतून बोट ओढलंत, मग पल्ला थोडा सरकवून बाहेरून ओढलंत. आतलं बोट ओलं, बाहेरचं कोरडं. मग तुम्ही वळलात. माझ्याकडे नाही, पलंगावर बसलेल्या आईकडे.

"मावशी, तुमचं बरोबर आहे. हे पाणी भाहेरून नाही येऊन राह्यलं. आतूनच बनून राह्यलं."

काका, मला याच वाक्याचे आभार मानायचे आहेत. पुढचं काम तुम्ही केलंत तसं कदाचित दुसऱ्यानेही केलं असतं. पण घरात आलेला प्रत्येक माणूस आईबद्दल माझ्याशी बोलत होता. तिच्याशी बोलणारे तुम्ही पहिले. ती पदराने डोळे पुसत होती आणि तुम्ही ते पाहिलं न पाहिल्यासारखं करून लगेच कामाचं बोलायला लागलात. तोही तुमचा मोठेपणा.

मग तुम्ही तिलाच समजावून सांगितलंत. थंड पाण्याचा स्टीलचा पेला बाहेरून ओला होतो, तसंच या काचेचं. खोलीतल्या हवेत वाफ असते, सगळ्यांत गार जागा सापडली की तिचं तिथे पाणी होतं. एकेरी काच रात्री गार पडते आणि ॲल्युमिनियमची चौकट तर तिच्याहूनही. माझ्या भाच्याने नंतर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणून ठेवलं. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या कशावरही दव धरतं, असं त्याने सांगितलं. बाहेर आठ-नऊ अंश असताना काच तिथवर सहज उतरते. तुमचं बोलणं आकड्यांतही बरोबर निघालं.

भिंतीच्या ओलीचा माझा संशय मात्र जात नव्हता. तुम्ही चिडला नाहीत. स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉईल मागितलीत, हातभर तुकडा खिडकीखालच्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवलात आणि म्हणालात, उद्या पहा. ओल भिंतीतून येत असेल तर फॉईलच्या मागे पाणी दिसेल, खोलीतल्या हवेतून येत असेल तर पुढे. दुसऱ्या दिवशी पुढच्या बाजूला बारीक थेंब होते आणि मागची भिंत खडखडीत कोरडी होती. वॉटरप्रूफिंगवाल्याला ही फॉईल परवडली नसती असं नाही.

वाफ येते कुठून, तेही तुम्ही एकेक करून दाखवलंत. बंद खोलीतला रात्रभरचा श्वास. गिझरच्या गरम पाण्याची आंघोळ. आईचा वाफारा. दोरीवर वाळणारे तिचे स्वेटर आणि लुगडी. आणि गॅस! गॅस जळला की त्याचंही पाणी होतं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा भाचा बारावीचं पुस्तक घेऊन बसला. प्रोपेन आणि ब्युटेनचं समीकरण मांडून त्याने हिशोब काढला: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे २२ लिटर. एवढी वाफ घरात फिरते आणि घरातल्या सगळ्यांत गार खोलीत जाऊन बसते.

ती बाहेर का पडत नव्हती, हे शोधलंत ते खरं काम. एसी बसवणाऱ्यांनी बाथरूमवरचा झरोका प्लाय ठोकून बंद केला होता, वरून पीओपी फिरवलं होतं आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या खिडकीत कूलर, त्यावर हिवाळ्याची ताडपत्री. खोलीला नाकच उरलं नव्हतं. तुम्ही प्लाय काढलात, झरोक्यात छोटा एक्झॉस्ट बसवलात, ट्रॅकमधली पाणी जायची बुजलेली भोकं तारेने मोकळी केलीत आणि आईचं लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंत. कपडे गच्चीवर, आंघोळीनंतर एक्झॉस्ट, भात-डाळ झाकण ठेवून, सकाळी काच पुसून दहा मिनिटं खिडक्या समोरासमोर उघड्या. बुरशी कोरडी खरवडायची नाही, साबणाच्या पाण्याने ओली करून, तोंडाला रुमाल बांधून पुसायची, आणि आई त्या वेळी दुसऱ्या खोलीत, हेही बजावलंत.

डबल काचेचं मी विचारलं होतं. तुम्ही ती कामंही करता. हो म्हणाला असतात तर मी ऑर्डर दिली असती. तुम्ही म्हणालात, "चांगलीच असते ते, आतली काच गार नाही पडत. पण वाफेले वाट नाही दिली तर ते काच सोडून भिंतीचा कोपरा धरन. आधी वाट देऊन पहा, मंग पैसे घाला." स्वतःचं मोठं काम स्वतःच मागे ठेवणारा माणूस मी या व्यवसायात पाहिला नव्हता. अशी माणसं या शहरात आहेत. महाल भागातल्या गल्ल्यांत, इतवारीत, छोट्या दुकानांतून बसलेली असतात. त्यांच्याकडे छापील माहितीपत्रक नसतं, म्हणून आपण आधी चकचकीत ऑफिसवाल्यांकडे जातो. ज्यांनी पैसे घेऊन आमचा पूर्ण हिवाळा घालवला, त्यांच्यापैकी एकानेही नंतर फोन करून विचारलं नाही. तुम्ही पुढच्या थंडीच्या लाटेत स्वतःहून विचारलंत, "मावशी कशा आहेत?"

म्हणून इथे लिहिते. मावशी बऱ्या आहेत. फार थंडीच्या पहाटे काचेच्या खालच्या कडेला अजून थोडा ओलावा धरतो, तो ती स्वतः पुसते. कोपऱ्यात बुरशी परत आलेली नाही. दमा आहेच, औषधं चालू आहेत, पण पहाटेचा तो खोकला बराच कमी झालाय. पावसाळ्यात एसी लावल्यावर काचेला बाहेरून घाम येईल, त्याला घाबरू नका, असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. तसंच झालं, आणि त्या वेळी आईनेच शेजारणीला त्याचं कारण समजावून सांगितलं.

माझ्या नणंदेकडे, हुडकेश्वरला, बाथरूमच्या झरोक्यावर असाच प्लाय ठोकलेला आहे. सवडीने पाहून द्याल का?

आणि आईचा निरोप आहे. बाजारात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आता चांगला यायला लागलाय. या रविवारी काकूंना आणि नातीला घेऊन सांबारवडी खायला या. तिखट किती चालतं, ते मात्र आधी कळवा.

तुमची,
मावशींची मुलगी