फॉरमॅट मारण्याआधी विचारा

महोदय,

गेल्या आठवड्यात माझा संगणक सुरूच होईना. दुकानदाराने जेमतेम बघितलं आणि 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणाला, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून टाकावं लागेल. आत आईच्या पाककृतींच्या वहीची स्कॅन केलेली पानं होती. मूळ वही वाळवीने खाल्लेली. भाचीने विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, आधी पानं दुसऱ्या डिस्कवर उतरवली, मगच 'चेकडिस्क स्लॅश आर' ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवली. पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर सी ड्राइव्हला डी अक्षर आलं होतं, तेही तिने आधी तपासून घेतलं, आज्ञा भलत्याच ड्राइव्हवर चालू नये म्हणून. पाच तास लागले, डिस्कचे खराब झालेले भाग (सेक्टर) बाजूला पडले, संगणक सुरू झाला. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र चेकडिस्कच्या नादी लागू नये, मशीन लगेच बंद करावं. दुरुस्ती करणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला एवढं तरी विचारावं: आत काय आहे, दुसरीकडे प्रत आहे का?

— एक निवृत्त शिक्षिका, वाई