कैवारी आपला, प्रायश्चित्त जगाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेनिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘प्रॉटेस्टंट मतानुसार ख्रिस्त फक्त देवाने निवडलेल्यांसाठीच मेला’ हे वाक्य लेखकाने असे सहज टाकले आहे, जणू त्यावर कुणाचे दुमतच नाही. हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या मराठी प्रवचनांतही हेच ठासून सांगतात आणि मंडळीतली तरुण मुले ते सोळा आणे खरे धरून चालतात. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

ख्रिस्त कुणासाठी मेला हा वाद पेटला तो हॉलंडमध्ये. तिथला धर्मपंडित आर्मिनियस 1609 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले. त्यातले दुसरे कलम असे, की ख्रिस्त प्रत्येक माणसासाठी मेला, क्षमेचा लाभ मात्र विश्वास ठेवणाऱ्यालाच होतो. त्यावर निवाडा करायला 13 नोव्हेंबर 1618 रोजी डॉर्ट गावी धर्मसभा बसली. जानेवारीत निवेदनवाल्यांना सभेबाहेर घालवले. मे 1619 मध्ये त्यांचा पाठीराखा, सत्तरी उलटलेला मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट, याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्यात राजकारणच जास्त होते. तरी प्रायश्चित्ताच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाने होणाऱ्या पापांच्या भरपाईच्या, वादाला हे रक्त लागले ते लागलेच.

आता गंमत पाहा. ‘मर्यादित प्रायश्चित्ता’चे, म्हणजे ख्रिस्त निवडलेल्यांसाठीच मेला या मताचे, पुरस्कर्ते ज्या डॉर्टची शपथ घेतात, त्या सभेने आपल्या निर्णयांच्या दुसऱ्या प्रकरणाच्या तिसऱ्या कलमात लिहून ठेवले आहे, की देवपुत्राच्या मरणाचे मोल अपार आहे आणि सबंध जगाच्या पापांच्या प्रायश्चित्ताला ते पुरून उरणारे आहे. पाचव्या कलमात सुवार्ता कुणालाही न वगळता सर्वांना सांगायची ताकीद आहे. निवडलेल्यांचेच तारण प्रत्यक्षात घडावे हा देवाचा हेतू, हे आठव्या कलमात येते. आमच्या प्रवचनकारांना आठवे तोंडपाठ, तिसऱ्याचे नावही नाही! इंग्लंडहून गेलेला डॅव्हेनंट आणि ब्रेमेनचा मार्टिनियस हे तर त्याच सभेत बसून ‘एका अर्थी ख्रिस्त सर्वांसाठीच मेला’ असे मांडत होते.

संकुचित बाजूचा खरा जोर आहे तो मध्यस्थीवर, म्हणजे ख्रिस्त माणसांसाठी देवापाशी करतो त्या विनंतीवर. 1640 च्या दशकात जॉन ओवेन या इंग्रज प्युरिटनाने तो युक्तिवाद पक्का बांधला. याजक ज्यांच्यासाठी बळी अर्पण करतो त्यांच्यासाठीच विनंती करतो, ही दोन कामे वेगळी काढता येत नाहीत. योहान 17:9 मध्ये येशू म्हणतो, मी जगासाठी विनंती करत नाही. मग ज्या जगासाठी तो विनंतीही करत नाही, त्यासाठी तो मरेल कसा? मुद्दा बिनतोड वाटतो. तो उडवून लावणाऱ्यांपैकी मी नाही.

पण तोच अध्याय पुढे वाचावा. ती विनंती त्या रात्री मागे राहणाऱ्या शिष्यांच्या रक्षणासाठी आहे. विसाव्या वचनात ती पुढे विश्वास ठेवणाऱ्यांपर्यंत पसरते आणि एकविसाव्यात हे सगळे कशासाठी ते येते: जगाने विश्वास धरावा म्हणून. शिवाय वधस्तंभावरचा पहिला उद्गार, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’, तो कुणासाठी होता? ओवेनचे म्हणणे, ती प्रार्थना समोरच्या मूठभर माणसांपुरती, त्यावरून सगळ्या जगाचा हिशेब मांडता येत नाही. ठीक. मग हाच नियम योहान 17 लाही लावा. तिथेही मूठभर माणसेच समोर होती.

राहिला याजकपणाचा मुद्दा. त्याचे मूळ लेवीय 16 मध्ये आहे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी महायाजक तागाची वस्त्रे घालून, धूपाच्या धुरात, पडद्याच्या आत जातो, बोटाने दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, रक्त शिंपडतो, दयासनासमोर सात वेळा शिंपडतो. हे प्रायश्चित्त सबंध मंडळीसाठी. तरीही लेवीय 23:29 सांगते, की त्या दिवशी जो आपल्या जिवाला दंडन करणार नाही त्याचा लोकांतून उच्छेद व्हावा. म्हणजे बळी त्याच्याही नावचा होता, तरी तो मुकला. ‘सर्वांसाठी मेला तर सर्व तरले का नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे आधीच लिहून ठेवलेले आहे. कॅल्विनवादी, म्हणजे मर्यादित प्रायश्चित्त मानणारे, यावर म्हणतील, ते प्रायश्चित्त इस्राएलापुरते होते, मिसरी लोकांसाठी नव्हते. खरे आहे. आणि नेमके तेच कुंपण योहान आपल्या पहिल्या पत्रात काढून टाकतो.

दुसऱ्या अध्यायाची पहिली दोन वचने शेजारी ठेवून वाचा. कुणी पाप केले तर पित्याजवळ येशू ख्रिस्त ‘आपला’ कैवारी आहे. लगेच पुढे, तो आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे आणि केवळ आपल्याच नव्हे तर सर्व जगाच्याही. कैवार घेणे विश्वासणाऱ्यांचे, प्रायश्चित्त जगाचे. इब्री 7:25 मधली मध्यस्थीही त्याच्याद्वारे देवाजवळ जाणाऱ्यांसाठीच आहे. तेव्हा मध्यस्थीचा आवाका लहान आहे हे ओवेनचे निरीक्षण मला मान्य, पण त्या मापाने वधस्तंभ कापायचा अधिकार त्याला योहानाने दिलेला नाही.

आपल्या लेखात कॅथलिकांचे नाव नाही, म्हणून एवढेच: ट्रेंटच्या सभेने 1547 सालीच, ख्रिस्त सर्वांसाठी मेला तरी सर्वांना त्या मरणाचा लाभ होत नाही, असे म्हटले होते. प्रॉटेस्टंटांत मेथडिस्ट पंथाचा प्रणेता वेस्ली याने 1739 मध्ये याच विषयावर प्रवचन छापले आणि सहकारी प्रवचनकार व्हाइटफील्डशी त्याचे बिनसले. स्कॉटलंडच्या चर्चने 1831 साली मॅक्लाउड कॅम्बेल या पाळकाला सर्वांसाठीच्या प्रायश्चित्ताचा उपदेश केल्याबद्दल पदावरून काढले. त्याच स्कॉटिश परंपरेतले जॉन विल्सन तेव्हा मुंबईत शाळा काढत होते. अशा वारशाची प्रेसबिटेरियन मंडळी आणि वेस्लीच्या परंपरेतली काही मेथडिस्ट मंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्चमध्ये एकत्र आली, तेव्हा हा प्रश्न आड आला नाही. महाराष्ट्रातले कितीतरी प्रॉटेस्टंट आज याच चर्चमध्ये उपासनेला जातात. त्यांच्या वतीने ‘प्रॉटेस्टंट मत’ म्हणून एकच बाजू कशी छापता येईल?

खुलासा छापणार असाल तर डॉर्टचे दुसऱ्या प्रकरणातले तिसरे आणि आठवे कलम दोन्ही छापावीत. चार ओळींचे काम आहे.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर