तबेल्यातल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जुन्या चित्रांतल्या स्वारांवर लिहिणारे खूप आहेत. शिंद्यांच्या फौजेतून १८०३ साली इंग्रजांकडे गेलेला जेम्स स्किनर, त्याने उभा केलेला घोडेस्वारांचा रिसाला, त्यांचे पिवळे अंगरखे, दिल्लीच्या गुलाम अली खानने १८२७ मध्ये रंगवलेला त्याचा दरबार, हे सगळं मला वाचायला मिळालं. पण घोड्याच्या तोंडापाशी अनवाणी उभ्या असलेल्या मोतद्दाराबद्दल, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाबद्दल, कुणीच काही सांगत नव्हतं. म्हणून चित्रांच्या प्रती घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही चष्मा पुसलात आणि आधी त्याच्याकडेच पाहिलंत. हातात माश्या वारायची चवरी, खांद्यावर फडकं. "खरारा झाला की हेच अंगावरून फिरवायचं," म्हणालात. दुसऱ्या चित्रात गवताचा भारा आणि खुरपं दिसलं, तसे उठून कुंपणापाशी गेलात. खुरपं आडवं धरून हरळी मुळांसकट खरवडलीत, मूठभर घेऊन मांडीवर आपटत राहिलात, माती पुरती झडेपर्यंत. ती पोटात गेली तर घोड्याला शूळ उठतो, हे तेव्हा कळलं.

काका, शिलेदारी रिसाल्यात घोडा स्वाराचा स्वतःचा असे. पुढे अनेक रिसाल्यांत दोन स्वारांमागे एक घासकाप्या आणि एक तट्टू, अशी रीत होती. घोडा गेला तर स्वाराची रोजीरोटीच धोक्यात. म्हणजे त्या दोघांचा संसार या माणसाच्या खुरप्यावर चालायचा! तुम्ही दाखवलं नसतं तर या माहितीचा अर्थ मला उमगला नसता.

त्याच काळात कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याने दिल्लीत करून घेतलेल्या अनेक चित्रांवर माणसांची नावं लिहिलेली आहेत. माझ्याजवळच्या चित्रांतल्या मोतद्दारांची मात्र नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. नाव आता मिळणार नाही, पण माझ्या लेखात त्याचं काम तरी नीट येईल, तुम्ही सांगितलं तसं. त्यासाठी तुमचे मनापासून आभार. ऐन दाणा-पाण्याच्या वेळी तुम्ही माझ्यासाठी थांबलात, घोडे खोळंबले होते तरी.

लेख छापून आला की प्रत घेऊन येईन. पिछाडीची, म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधायच्या दोराची, गाठ कशी मारतात तेही तेव्हा दाखवा. एका चित्रात ती अगदी स्पष्ट दिसतेय.

आपली ऋणी,
एक चित्र-अभ्यासक