मामाला सांगायचं राहिलंय

प्रिय ताई,

रिझल्ट आला, बीएसएलची तिसरी लेव्हल पास झाले! म्हणजे ब्रिटिश साईन लँग्वेज, इथल्या डेफ लोकांची खुणांची भाषा. आता सहावी लेव्हल, इंटरप्रिटिंगचं शिक्षण वेगळंच, त्यामुळे अजून काही वर्षं जातील. तू फोनवर म्हणालीस एक्कावन्नाव्या वर्षी कशाला हा व्याप, तेव्हा मला धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

मामाचं ऑपरेशन होतं तेव्हाचं आठव. डॉक्टर दहा मिनिटं बोलत होते, आपण दोघी माना डोलावतोय आणि मामाला एक अक्षर ऐकू येत नाही, तो एकदा त्यांच्या तोंडाकडे एकदा आपल्याकडे बघतोय, त्याने हातानेच विचारलं काय म्हणतायत, मी अंगठा दाखवला, सगळं ठीक, बाकीचं नंतर सांगते. पोट त्याचं होतं गं! आणि ते नंतर कधी आलंच नाही.

इथे इंटरप्रिटरला असं करताच येत नाही. डॉक्टर बोलतील ते सगळं पोचवायचं, आणि पेशंटने हाताने सांगितलं मला भीती वाटते तर आपणही तोंडाने "मला भीती वाटते" असंच म्हणायचं, "त्यांना वाटते" नाही. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवते, साधा गडद टॉप घालते, समोरच्याची नजर हातांवर राहायला हवी ना. आणि नुसते हात नाही, चेहराही बोलतो. चहा घेणार का विचारताना भुवया वर, नाव काय विचारताना खाली, हे जमायलाच मला महिने लागले.

आमचे सर स्वतः डेफ आहेत. त्यांनी सांगितलं, १८८० साली मिलानला शिक्षकांची परिषद झाली, तिथे ठरलं की मुलांना फक्त तोंडाने बोलायला शिकवायचं, मग कितीतरी देशांतल्या शाळांतून हातांची भाषा बंद झाली. शाळेत मामाच्या हातावर पट्टी का बसायची ते मला तेव्हा कळलं. आणि आपण तरी काय केलं, दादरला तो समोरच्या प्लॅटफॉर्मवरच्या मित्रांशी मस्त गप्पा मारायचा, मध्ये गाड्यांचा एवढा गोंगाट, त्यांचं काही अडत नव्हतं, आणि आपण त्याची बाही ओढायचो, लोक बघतात म्हणून.

मामाची खुणांची भाषा वेगळी, इथली वेगळी, पण एबीसीडी दोन्हीकडे दोन हातांनी करतात आणि ए, ई, आय, ओ, यू बोटांच्या टोकांवर, म्हणून रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्याचं नाव एकेक अक्षर करून दाखवलं. तो एकदम सरळ बसला. मग त्याने माझं नाव केलं, इतकं भराभर की मला दोनदा परत करायला सांगावं लागलं.

ताई, त्या दिवशी डॉक्टर नक्की काय काय म्हणाले होते? फाईल कपाटात असेल, बघून नीट लिहून पाठव. त्याला सांगायचंय.

तुझी,
धाकटी