कातळसडे मोकळी जमीन नव्हे

कोकणातील कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारांवर, फळबागा वाढवाव्यात, असे सुचवणारा लेख वाचला. त्याला माझा ठाम विरोध आहे. जांभ्यावरची माती जेमतेम काही इंच आणि पोषणद्रव्यांनी गरीब. म्हणूनच तेथे कीटकांतून नत्र मिळवणाऱ्या सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती तग धरतात. जांभा फोडून बाहेरची माती भरली, खते घातली, की ती पावसाच्या पाण्याबरोबर आजूबाजूला पसरतात आणि जोमदार गवते व तणे या नाजूक वनस्पतींना हटवतात. प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त याच भागात आढळणारी, दीपकाडी ही वनस्पतीही त्यात जाईल. असेच कातळाचे कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे! उन्हाळ्यात सडा उजाड दिसतो; या वनस्पती पावसाळ्यातच नजरेस पडतात. त्यामुळे लागवडीला अनुदान देण्यापूर्वी पावसाळ्यातली वनस्पती-पाहणी सक्तीची करावी.

– एक वाचक, रत्नागिरी