चटणीचा हंगाम आणि तीनशे युनिटांची अट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरातून चालणाऱ्या छोट्या व्यवसायांच्या वीजदराबाबत एक मुद्दा आपल्या वृत्तपत्रातून मांडावा, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

सांगलीत आमच्या घरी कांदा-लसूण चटणी करून विकण्याचे काम सासूबाईंनी सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी सुरू केले. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची आणायची, शेजारच्या दोन-तीन जणींना सोबत घेऊन ओसरीवर देठ खुडायचे, कडक ऊन दाखवायचे, धणे, तीळ, खोबरे वेगवेगळे भाजून घ्यायचे आणि सगळे डबे गल्लीतल्या डंकावर कुटायला न्यायचे, अशी ही रीत होती. खोबरे किती भाजायचे हे सासूबाई आजही वासावरून सांगतात, आणि त्यांनी ‘उतरव’ म्हटल्यावर कढई क्षणभर जरी चुलीवर राहिली, तरी त्या ती खेप गिऱ्हाइकाला देऊ देत नाहीत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमच्या घरात छातीइतके पाणी होते. वर्षभरासाठी भरलेली मिरची आणि धणे गेले. पण त्याहून दूरगामी परिणाम झाला तो डंक बंद पडल्याचा. डंकवाल्यांची यंत्रे चिखलात रुतली आणि त्यांनी पुन्हा धंदा उभा केला नाही. पुढे मार्च २०२० मध्ये, ऐन चटणीच्या हंगामात टाळेबंदी लागली. एसटीने जाणारी पार्सले थांबली, दुसऱ्या भागातल्या डंकावर जाण्याचीही सोय राहिली नाही. दरवर्षी घरी येऊन डबे भरून नेणारी पुण्या-मुंबईची मंडळी मात्र फोनवर मागणी नोंदवतच होती. त्या वर्षी आम्ही सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून दोन अश्वशक्तीचे कांडप यंत्र घेतले आणि मागच्या खोलीत बसवले. आता कुटणे, पाखडणे, भरणे सगळे घरातच होते आणि मुलगा फोनवरच्या मागण्या सांभाळतो.

खरी अडचण इथून सुरू झाली. घरात यंत्र चालते हे पाहून संबंधित वीज कार्यालयाने आमच्या जोडणीला पूर्वसूचना न देता व्यापारी दर लावला. वास्तविक, महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत अशी तरतूद आहे की, घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा मासिक वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू होतो. ही तरतूद आम्ही दाखवली, तेव्हा एप्रिल आणि मे महिन्यांच्या बिलांकडे बोट दाखवून आमचा अर्ज परत करण्यात आला, कारण त्या दोन महिन्यांत वापर ३४० युनिटांच्या आसपास होता.

आमचे म्हणणे एवढेच आहे की चटणी, पापड, कुरडया, लोणची हे उन्हाचे धंदे आहेत. मार्च ते मे यंत्र रोज पाच-सहा तास चालते, आणि पाऊस लागला की त्यावर कापड झाकून ठेवतो. पावसाळ्यात आमचा वापर दीडशे युनिटांपलीकडे जात नाही आणि वर्षाची बेरीज अडीच हजारांच्या आतच राहते. ३०० ला बाराने गुणले की ३६०० होतात. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या मनातही वर्षाची सरासरीच असावी, असे मला वाटते. अन्न नोंदणीसाठीची मर्यादा वार्षिक उलाढालीची आहे, वस्तूंच्या जीएसटीसाठी ४० लाखांची मर्यादाही वार्षिकच आहे. मग विजेच्या बाबतीत हंगामी व्यवसायाला एका महिन्याच्या आकड्यावर का जोखावे? दिवाळीचा फराळ करणाऱ्या किंवा गणपती रंगवणाऱ्या घरांचीही स्थिती याहून वेगळी नसणार.

दरातला फरक युनिटमागे काही रुपयांचाच दिसतो, हे मान्य आहे. पण किलोमागे आमच्या हाती जे उरते त्यातूनच तो जातो, आणि देठ खुडायला येणाऱ्या दोघींची मजुरी त्यातूनच द्यावी लागते. त्यांपैकी एकीला गेल्या हंगामात आम्ही बोलावू शकलो नाही, याची मला आजही खंत वाटते.

नियामक आयोगाने घरातील व्यवसायांसाठी केवळ वार्षिक ३६०० युनिटांची मर्यादा धरली जाईल असे स्पष्ट करावे, दर बदलण्यापूर्वी ग्राहकाला लेखी सूचना देणे सर्व कार्यालयांना बंधनकारक करावे आणि ही तरतूद वीजबिलाच्या मागील बाजूस मराठीत छापावी, अशी माझी विनंती आहे. होळी झाली की आमचे यंत्र सुरू होते. त्याआधी हा निर्णय व्हावा.

आपली विश्वासू,
एक गृहउद्योजिका, सांगली